मुकाशचा फोटो आणि मी तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. बाजारातला, कांदे-बटाटे तोलणारा नव्हे, तेवढा घोटाळा कृपया करू नका. मी औषधालयातला. हातात धरून तोलायचा. दोन चिमुकली पारडी, रेशमी दोऱ्या, पितळी दांडी आणि मध्ये एक बारीक काटा. एका वेळी वीस ग्रॅमच्या वर मला झेपत नाही, पण जे तोलतो ते चोख. ही बढाई नाही, माझा स्वभावच तसा आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथून मी नारीन या डोंगराळ गावच्या औषधालयात आलो. कालीचा नावाची औषधवाली मला दोन बोटांत धरून उचलायची. खोकल्याची पूड, पोटदुखीची पूड, झोप न येणाऱ्यांसाठी ब्रोमाइड. अकरा वर्षं तिने माझ्यावर विश्वास टाकला. मग एक नवा, पांढरा, डब्यासारखा विजेवरचा वजनकाटा आला आणि मी एका दिवसात अडगळ झालो. कालीचाला मला फेकून देववेना. तिने मला तिच्या मैत्रिणीला, शारकानला, देऊन टाकलं.

शारकान शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि घरी स्वतः फिल्म धुवायची. कॅमेऱ्यातून काढलेल्या फिल्मवर आधी काहीच दिसत नसतं. डेव्हलपरच्या पाण्यात ती बुडवली की चित्र उमटतं. हा डेव्हलपर तयार पाकिटातून घेणं शारकानला कमीपणाचं वाटे. ती सुट्या पावडरी आणायची आणि माझ्यावर तोलायची. थोडं मेटॉल आणि भरपूर सल्फाइट घातलं की मऊ डेव्हलपर होतो, त्यात चेहऱ्यावरच्या सावल्या हळुवार उतरतात. हायड्रोक्विनोन आणि धुण्याचा सोडा घातला की कडक होतो, मग काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं. शंभर ग्रॅम सल्फाइटसाठी मला पाच खेपा कराव्या लागत, पण मी कधी कुरकुर केली नाही. वेळ जाई तो आधी ठरवण्यात.

तिचा नवरा मुकाश ट्रक चालवायचा. तो दारातून डोकावून म्हणे, "ठरलं का बाईसाहेब? सूप निवलं."

"थांब रे. मऊ की कडक, तेच बघतेय."

"माझ्याशी लग्न ठरवताना एवढा वेळ नाही घेतलास!"

"म्हणून तर आता घेते."

यावर तो खदखदून हसे. पुढच्या दोन दातांत त्याच्या मोठी फट होती. पण कॅमेरा दिसला रे दिसला की ओठ गच्च मिटून घ्यायचा. शारकानने अख्ख्या गल्लीचे फोटो काढले. घरच्या माणसाचा मात्र ओळखपत्रावरचा एकच फोटो, तोही असा, की जणू कुणी त्याचा ट्रक पळवलाय.

एका उन्हाळ्यात दोघं जायलोवर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणावर, गेली. परत आल्यावर शारकान फुलून गेली होती. "पकडला एकदाचा हसताना!" ती मला पुसता पुसता म्हणाली. रोल तिने चहाच्या डब्यात घालून चुलीवरच्या फळीवर ठेवला. आज धुऊ, उद्या धुऊ. हिवाळा लागला, मुकाश रस्त्यातच हृदय बंद पडून गेला, आणि मग त्या डब्याला हात लावायचं तिला धाडस होईना. मला तिने कपाटाच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

तेवीस वर्षं, मित्रांनो. माझ्या एका पारड्यावर कोळ्याने घर केलं. बाहेर तिची पावलं ऐकू येत. एकच कप मांडल्याचा आवाज येई. मला वाटे, मी इथे आणि ती तिथे, दोघांनाही कुणी उचलत नाही.

मग मुकाशच्या थडग्यावरचा दगड भंगला आणि नवा करायचा ठरला. दगडावर चेहरा कोरणाऱ्याने फोटो मागितला. शारकानने खण उघडला. तिचे हात म्हातारे झाले होते. कालीचाही काठी टेकत आली, पुडीत ब्रोमाइड घेऊन.

"जुनी फिल्म आहे, शारकान. चुलीच्या धगीत राहिलीय, धुरकट झाली असणार. कडक डेव्हलपर कर, त्यात हे ब्रोमाइड घाल, धूर कमी होईल. उरलं तर तू घे, झोप लागेल."

"कालीचा एजे," शारकान म्हणाली; एजे म्हणजे ताई. "चेहऱ्याला मी जन्मात कधी कडक वापरलं नाही."

"मग आधी तुकडा कापून बघ. सगळी एकदम बुडवू नकोस."

"तेवढं कळतं मला. सुरुवातीचा तुकडा कापते. मुकाशचा फोटो अगदी शेवटी आहे, पक्कं आठवतंय."

अडगळीच्या खोलीत शिरून, दाराला घोंगडं लावून तिने अंधारात तुकडा कापला. तो मऊ डेव्हलपरमध्ये बुडवला. बाहेर आला तेव्हा नुसता करडा धूर. तिने तो वाडग्यात टाकला आणि हायड्रोक्विनोनची बाटली उघडली. मी सोडा तोलला, ब्रोमाइड तोललं. काटा स्थिर होईपर्यंत दोघींनी श्वास रोखून धरला.

आणि उरलेली फिल्म सुरेख आली! घोडे आले, डोंगर आले, दूध घुसळणारी सासू आली. शारकान खिडकीशी धरून एकेक चौकट पुढे सरकवत होती. शेवटच्या चौकटीत ती स्वतःच होती, कडेला फोटो काढणाऱ्या मुकाशचा अंगठा आलेला.

"मुकाश कुठाय?" ती म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. "एजे, तो कुठाय?"

कालीचाने वाडग्यातला करडा तुकडा उचलून खिडकीबाहेरच्या बर्फाच्या उजेडाकडे धरला. बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"हा कोण गं? डोक्यावर पुरुषांची कल्पाक टोपी दिसतेय."

शारकानने तुकडा हातात घेतला. टोपी होती, खांदा होता. तोंडाच्या जागी धूर.

"मी म्हटलं होतं तुला," कालीचा बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

दगडावर शेवटी तोच ओळखपत्रावरचा चेहरा कोरला गेला. चूक माझी नव्हती, मित्रांनो. सांगितलं ते मी चोख तोललं. तरी मला माझीच लाज वाटते. तुमच्या घरी कुणाचा चेहरा असा डब्यात पडून असेल, तर तो आजच बाहेर काढा. पाणी थंड असेल, पावडर कमी असेल, मन तयार नसेल, तरी काढा. आम्हा जुन्या वस्तूंना तुम्ही विसरलात तर आम्ही थांबतो. फिल्म थांबत नाही.

त्या दुपारी कालीचा निघाली तेव्हा शारकान तुकडा धरून तशीच उभी होती.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, रोल संपत आला तेव्हा एक उरला म्हणून त्याचा काढला," ती म्हणाली. "एजे, मी त्याचा पहिला काढला होता. सगळ्यांच्या आधी."