ताटलीवरचं नाव

नाताळ आठ दिवसांवर आला होता आणि कल्याण साळवेच्या ओट्यावर शेजाऱ्यांच्या सहा ताटल्या साचल्या होत्या.

तिसगावच्या बाजारामागं ही ख्रिस्ती गल्ली. डिसेंबर लागला की दारोदार कागदी चांदण्या लागतात आणि बायका पोळपाट-लाटणं काखोटीला मारून एकमेकींकडं करंज्या करायला जातात. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. ज्या घरी तळण होतं, तिथून प्रत्येक घरी भरलेली ताटली जाते. यंदा या पाळीतून एकच घर गळलं, कल्याणचं. त्याची बायको एस्तेर नर्स. पावसाळ्यात दोन वर्षांच्या करारावर कुवेतला गेली. बाईमाणूस नसलेल्या घरात जाऊन बसायचं कसं, एवढाच बायकांचा विचार. मनात कुणाच्या काही नव्हतं. उलट सगळ्यांनी ताटल्या शिगोशीग भरून पाठवल्या. मायेचंही ओझं होतं माणसाला, फक्त ते बोलून दाखवता येत नाही.

बरं, खाल्लं आणि ताटली धुऊन दिली, इतकं ते सोपंही नव्हतं. कल्याणनं तसं करून पाहिलं, तर सात वर्षांची हन्ना उंबऱ्यातूनच माघारी फिरली.

"रिकामी ताटली न्हाई न्यायची, पप्पा. मम्मी रागवंल."

"चिमूटभर साखर घाल मग."

"नाताळात साखर? शी!"

तीन वर्षांच्या योएलला यातलं काही कळत नव्हतं, पण "शी!" त्यानंही म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणनं आपलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान दुपारीच बंद केलं, एस्तेरचं पोळपाट-लाटणं घेतलं आणि गल्लीतल्या मालनकाकूंकडं त्या दिवशी दुसऱ्यांदा तळण होतं, तिकडं गेला. आपण त्यांच्यात राबलो तर त्याही आपल्याकडं येतील, असा साधा हिशोब. आत हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. तो दारात दिसला आणि सगळं एकदम गप्प झालं. कुणी पदर सावरला, कुणी उगाच कढईत डोकावलं.

"मी पन लाटतो, काकू."

"तू कशाला तरास घेतो, बाबा? आमी देतो की पाठवून."

तरी तो बसला. चार पाऱ्या लाटल्या. लाटण्यांच्या आवाजाशिवाय आवाज नाही. आपल्यामुळं यांचा सण अडलाय, हे त्याला कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, तशी मालनकाकूंनी एक ताटली भरून त्याच्या हातात दिली. "घिऊन जा. लई दिस राहिली माझ्याकडं." त्याचं लक्षच नव्हतं. सहाच्या सात झाल्या, एवढंच त्याला कळलं.

संध्याकाळी त्यानं स्वतःच परात पुढ्यात ओढली. एस्तेरला फोन करून विचारता आलं असतं, पण तिला तो रोज "सगळं झालंय, तू काळजी करू नको" असं सांगत होता. खुद्द नाताळलाही तिला ड्युटी होती. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? मग हन्नाच सांगू लागली, मम्मी दुधानं कडा चिकटवती, मम्मी सारण कमी भरती. पहिल्या पाच करंज्या तेलात फुटल्या आणि खोबरं काळं होऊन तरंगलं. नंतर मात्र जमलं. तांब्याची बारीक तार गुंडाळून सरावलेली बोटं, मुरड अशी बारीक पडली की हन्ना म्हणाली, "मम्मीसारखी." त्यानं मान खाली घालून पुढची लाटायला घेतली.

सकाळी ताटल्या भरल्या. हन्ना मागं कोरलेलं नाव वाचायची, ताटली पोचवून यायची आणि योएल चपला उलट्या घालून तिच्यामागं पळायचा. मालनकाकूंनी तर दारातच करंजी मोडून खाल्ली आणि मुरड कुणी घातली, म्हणून दोनदा विचारलं. हन्नानं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा कल्याणला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

सातवी ताटली उरली. हन्नानं ती उलटी केली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "सौ. एस्तेर कल्याण साळवे."

मागच्या नाताळात एस्तेरनं मालनकाकूंकडं पाठवलेली ती ताटली. वर्षानं घरी आली होती.

"ही तर मम्मीची," हन्ना म्हणाली. मग ताटलीकडं बघत हळूच विचारलं, "हिच्यात पन भरायच्या?"

कल्याणनं डब्यातल्या सगळ्यात चांगल्या मुरडीच्या चार करंज्या निवडल्या, ताटलीत मांडल्या आणि वर एस्तेरनं विणलेला रुमाल झाकला.

योएल उंबऱ्यात तयार होता. चपला उलट्या, दोन्ही हात पुढं.

"माझ्याकडं दे, पप्पा," तो म्हणाला. "मी देऊन येतो मम्मीला."

कल्याणला ताटली त्याच्या हातात देववेना, आणि खाली ठेववेना.