बारा वर्षे कडीकुलपात

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. आयुष्यातली बारा वर्षे मी जालन्याकडच्या आष्टीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये, कुलपाआड, उभ्याउभ्या काढली. कशामुळे, ते दोघांनाच ठाऊक होते: माझ्या मालकाला आणि मला. मालक बोलत नव्हता. मला बोलता येत नव्हते.

१९८१ साली कडूबा आणि वसंता या दोघा भावांनी मला जालन्याहून घरी आणले. कडूबाच्या पत्नीने, तुळजाबाईंनी, माझ्या दिव्याला हळदकुंकू लावले. दोघे भाऊ मोसंबीची कलमे बांधण्यात तरबेज होते. जंबुरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला चाकूने चीर द्यायची, तीत मोसंबीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. कडूबाचा हात इतका हलका की त्याने बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. मंठा, अंबड, परतूर, जिकडे बाग तिकडे आम्ही. पुढे एक भाऊ, मागे ओल्या गोणपाटात काड्या धरून दुसरा. "कडूबाची फटफटी आली," म्हणत लोक चहा टाकायचे. सात वर्षांत मी रस्त्यात कधी अडून बसले नाही. त्याचा मला थोडा गर्वही होता.

१९८८ च्या पावसाळ्यात एका सकाळी कडूबाने मागचा ब्रेक दाबला, तर तो पार खालपर्यंत गेला. ब्रेकच्या दांड्याचा नट ढिला झाला होता. पाना घेऊन आवळायचा, एवढेच काम. पण बागेवर पोचायला उशीर होत होता. "आल्यावर आवळू," असे पुटपुटत त्याने किक मारली. येताना हँडल वसंताकडे होते. नटाचे त्याला कोणी सांगितले नव्हते. ओढ्याच्या उतारावर मेंढरे आडवी आली, वसंताने ब्रेकवर पाय दिला आणि मी थांबले नाही. तिघेही दगडांवर पडलो. कडूबाचा उजवा हात माझ्याखाली सापडला. अंगठा आणि दोन बोटे कायमची वाकडी झाली.

वसंताने भावाचा हात घालवला, असे गाव म्हणाले. कडूबाने ते ऐकले आणि तो गप्प राहिला. वसंताने कलमांचा चाकू पुन्हा धरला नाही. तो शेजारी वेगळा राहू लागला आणि दादासमोर यायचे टाळू लागला. मला शेडमध्ये ढकलून कडूबाने कुलूप लावले.

आतले दिवस कसे सांगू? पत्र्याला खिळ्यांची भोके होती. त्यांतून आलेले कवडसे माझ्या टाकीवरून सरकत जायचे. शेडमध्ये हलणारे तेवढेच. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर बसले, सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. बाहेरून एखादी गाडी गेली की मला वाटे, आता दार उघडेल. दार उघडायचे ते तुळजाबाईंना सरपण हवे असले की. कडूबा कधी आलाच, तर माझ्याकडे पाठ करून उभा राही. मला सारे माहीत होते आणि सांगायला तोंड नव्हते. गंजण्यापेक्षा ते वाईट.

२००० साली भंगारवाला दारात आला. कडूबा मला देऊन टाकतोय हे कळताच वसंता कुंपण ओलांडून आला.

"दादा, भंगारात नको घालू. मी दुरुस्त करतो तिला."

कडूबाने भंगारवाल्याला हातानेच परत जायची खूण केली. मग म्हणाला, "इथंच कर. माझ्यासमोर."

वसंता रोज दुपारी येऊ लागला. कडूबा पोत्यावर बसून नुसता बघे. अडकलेल्या पिस्टनवर रॉकेल ओतून चार दिवस वाट पाहिली. टाकीत खडे आणि पाणी घालून खळखळवली, तेव्हा तांबडे पाणी निघाले. आष्टीच्या गयासोद्दीन मिस्त्रींनी वायरी ओढून दिल्या आणि जाताना म्हणाले, "इंजन बिलकुल ठीक है, वसंता. अब ब्रेक बराबर देख ले."

वसंता मागच्या चाकाशी वाकला आणि तसाच थांबला.

"दादा, हा नट तर आट्यांच्या पार टोकाला येऊन तिथंच गंजलाय. त्या दिवशी ब्रेक लागणारच नव्हता."

"माहीत हाय," कडूबा म्हणाला. "सकाळीच माहीत झाल्तं मला. म्हणलं, आल्यावर आवळू. तुला सांगायचं राह्यलं."

"अन् बारा वर्षं?"

"रोज सांगणार होतो. जितका उशीर झाला, तितकं तोंड उघडंना."

वसंता उठला. "तुझ्या हाताकडं बघायला भ्यायचो मी, दादा. चाकू सोडला मी." पाना तिथेच टाकून तो गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. मी विटांवर, मागचे चाक अधांतरी. दाराला कुलूप नव्हते, तरी ते तीन दिवस मला फार जड गेले. तिसऱ्या दिवशी कडूबा पारावर गेला आणि चूक कोणाची होती ते चार माणसांत सांगून आला. हे मला तुळजाबाईंच्या बोलण्यातून कळले.

चौथ्या दिवशी वसंता ब्रेकचे नवे लायनर घेऊन आला. त्याने ते बसवले, नट आवळला, चाक फिरवून तीनदा ब्रेक लावून पाहिला. विसाव्या किकला माझा आवाज फुटला आणि शेड धुराने भरून गेले. त्याने मला बाहेर काढले.

"बस, दादा."

"पडलो तर?"

"पडलो, तर दोघांचं नाव सांगू."

कडूबा मागे बसला. वाकडा हात त्याने वसंताच्या खांद्यावर ठेवला, आणि आम्ही ओढ्यापर्यंत हळूहळू जाऊन आलो.

मित्रांनो, मी आता लांब जात नाही. तुमच्या घरची सायकल असो की मोटार, तिला वेळच्या वेळी तेलपाणी करा. नट ढिला दिसला तर लगेच आवळा. तेवढा वेळ नसेल, तर जो ती चालवणार आहे त्याला निदान सांगा तरी. आणि सांगायला उशीर झाला असेल, तरी सांगा. कडूबाला बारा वर्षे लागली. तुम्ही इतकी लावू नका.