दाराबाहेरची रांग

ब्रायन कॉटरच्या ऑफिसचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रातल्या मंत्र्याला आपण काय लिहिणार, आपलं इंग्रजी पुस्तकी, असं म्हणून ते शब्दकोशात ठेवून दिलं. तरुणपणी मी वाळवंटातल्या निकेलच्या खाणीवर केमिस्ट होतो, आणि कॉटर तिथल्या एकुलत्या एका बँकेचा मॅनेजर. आता निवडणुकीसाठी त्याला 'पहिल्या भारतीय ग्राहकाचे' दोन शब्द हवे होते.

काल माझी सून सुमेधा वेस्टमीडच्या हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली ती प्रचारपत्रक नाचवतच. "बाबा, स्टार झालात! घरोघरी लेटरबॉक्समध्ये तुम्ही!"

फोटोत कॉटर माझा हात हातात घेऊन हसत होता. खाली छापलं होतं : 'ब्रायनच्या बँकेचं दार सर्वांना उघडं होतं – यादवराव.'

असं मी कधीच म्हटलं नव्हतं! माझं गप्प बसणंच त्यांनी होकार धरलं होतं.

मी कपाटातून मूळ फोटो काढला. त्यात माझ्यामागे काचेचं दार आहे आणि बाहेर रणरणत्या उन्हात तिथल्या मूळ रहिवाशांची, ॲबोरिजिनल लोकांची रांग. सगळ्यांत पुढे इस्पितळात काम करणारी एल्सी, हातात पगाराचा चेक. गोरी गिऱ्हाइकं संपेपर्यंत त्यांना आत घेत नसत. मी एल्सीच्या मागेच उभा होतो. कॉटरनं मला दंडाला धरून आत नेलं. "मेट, तू शिकलेला माणूस, यांच्यात कुठे?" मग बँकेच्या कॅलेंडरसाठी हा फोटो काढवला.

पत्रकात दार नव्हतं. रांगही नव्हती.

"जाऊ द्या ना, बाबा," मुलगा शैलेंद्र म्हणाला. "आपल्या मराठी मंडळाच्या हॉलची ग्रँट त्याच्या हातात आहे."

"मग मंडळानं त्याला शाल-श्रीफळ द्यावं. माझं नाव कशाला?"

"तुम्ही भांडणार? फोनवर पिझ्झा मागवायला लाजता!"

"लाजतो. म्हणून कुणीही माझ्या तोंडी काहीही घालावं?"

माझा आवाज एवढा चढलेला त्यानं कधी ऐकला नसावा. मीही नाही.

रात्री उत्तर लिहायला बसलो. प्रत्येक वाक्याआधी 'कदाचित' येत होतं. सगळे 'कदाचित' खोडल्यावर एवढंच उरलं : 'तुमचं दार सर्वांना उघडं नव्हतं. मी बाहेर उभा होतो. ते वाक्य माझं नाही, मागे घ्या. पूर्ण फोटो सोबत आहे. एक प्रत वर्तमानपत्रालाही पाठवतो आहे.'

सुमेधानं ते वाचलं, फोटोतल्या एल्सीकडे बराच वेळ पाहिलं. "द्या, शिफ्टला जाताना टाकते."

"नको," मी म्हटलं.

सकाळी पॅरामॅटा स्टेशनजवळच्या लाल पेटीत दोन्ही पाकिटं मी स्वतः टाकली.