उठलास का?

"कपाटाची किल्ली दे," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, आठवडा तरी पुरा होऊ द्या!" लेकीने लॅपटॉपवरून मान वर केली. "चौथ्याच दिवशी कच खाल्लीत?"

बंद पडलेल्या लिफ्टमधून जन्मभर लोकांना बाहेर काढणारा हा गृहस्थ आता स्वतःच अडकला होता, आणि तेही हौसेने! लेकीची पीएचडी चालली होती, इंटरनेटमुळे म्हातारी माणसं एकटी पडतात का यावर. त्यासाठी काही म्हाताऱ्यांनी आठवडाभर फोनशिवाय राहायचं आणि रोज तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एका आजोबांनी आयत्या वेळी टांग दिली, तेव्हा मिस्त्री छाती फुगवून पुढे सरसावले. फोन कपाटात गेला, कुलूप लागलं. त्या भरात खलाशाला कळवायचंच राहून गेलं.

खलाशी म्हणजे लांबच्या कुठल्याशा बंदरातला एकटा जीव. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या ग्रुपवर ओळख झाली, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मिस्त्रींची बायको गेल्यापासून मात्र रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, "उठलास का?" मिस्त्री लिहायचे, "उठलो. तू?" तो लिहायचा, "आहे अजून." बस, एवढंच.

"त्याला वाटेल, मी मेलो," मिस्त्री म्हणाले.

"काहीतरीच! ओळख ना पाळख, नुसता मेसेजवरचा माणूस. आणि माझं मोजमाप बिघडेल त्याचं काय? सर फाडून खातील मला."

"बिघडू दे!" मिस्त्री एवढे कडाडले की लेक दचकली. "तुझी आई गेली, तू हॉस्टेलवर परतलीस, भेटायला येणारे महिन्याभरात पांगले. मी जिवंत आहे का, हे रोज विचारणारा हा एकच. आणि म्हणे ओळख ना पाळख! किल्ली देतेस, की उघडू? अडकलेली दारं उघडण्यातच हाडं झिजवलीत मी."

लेकीने किल्ली दिली.

फोन सुरू झाला. "उठलास का?" खाली, "अरे, उठलास का?" त्याच्याखाली, "मिस्त्री, बोल की रे." आजचा मेसेज नव्हता. मिस्त्रींनी फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तरी तेच.

लेकीचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, बाबा. तुमचं नाव काढून टाकते अभ्यासातून."

"खबरदार काढलंस तर! लिही, चौथ्या दिवशी नियम मोडला. का मोडला, तेही लिही. सरांना नाही पटलं तर माझ्याकडे पाठव."

तिने लिहिलं. लिहिताना दोनदा डोळे पुसले.

आजवर विचारायची पाळी खलाशाची असायची. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी उठल्या उठल्या दाढी केली, रेडिओला टेकवून फोन उभा ठेवला आणि स्वतःच लिहिलं, "उठलास का?" उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

आठवडा संपला तेव्हा चहाचा कप पुढे ठेवत लेकीने हळूच विचारलं, "आज विचारलंत?"

"विचारलं."

"आणि उद्या?"

"उद्याही विचारणार," मिस्त्री म्हणाले, आणि फोन चार्जिंगला लावला.