घुमणारा डबा

मी एक घरगुती ॲम्प्लिफायर. बोलायच्या आधी थोडा घुमतो, तेवढं चालवून घ्या. जन्मापासूनची खोड आहे, आणि आता ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. का, तेच सांगतो.

माझा जन्म चंद्रपूरकडच्या सावली गावचा, दोन हजार एक सालचा. धनराजभाऊंचं तिथे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. त्यांनी हौसेनं एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, पण त्याचे स्पीकर म्हणजे नुसती चिवचिव. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला बसवलं. ट्रान्सफॉर्मर एका मेलेल्या टेपरेकॉर्डरचा, मोठा स्पीकर मंडपवाल्यानं टाकून दिलेला, पेटीसकट, आणि आवाजाचं बटण म्हणजे टूथपेस्टचं झाकण! माझी पाठ फार तापायची. ती गार ठेवायला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, जाड पत्रा हवा होता.

"माया भाताच्या गंजावरचं झाकन कुठी गेलं?" धनराजभाऊंच्या आई, गिरजाबाई, घरभर शोधत होत्या. झाकण माझ्या पाठीवर. ते दिसल्यावर लेकावर कडाडल्या, "आता भात काय तुया डोस्क्यानं झाकू?"

एवढा खटाटोप कशासाठी? तर वडिलांसाठी. मुखरूभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांतले गाणारे. धान निघालं की गावोगाव बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरायचे, नाटकं व्हायची, आणि मुखरूभाऊंच्या गाण्याला लोक गाड्या जुंपून यायचे. मग त्यांचे कान गेले. आपलाच सूर ऐकू येईना म्हणून गाणं सोडलं, हळूहळू बोलणंही. ओसरीवर नुसते बसून असायचे. त्यांच्या गाण्याची एक जुनी कॅसेट धनराजभाऊंनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. बाबांनी एकदा तरी आपलं गाणं ऐकावं, एवढाच त्यांना ध्यास.

पण मी पडलो घुम्या. गाणं लावा, न लावा, माझी घुमघुम सुरूच. धनराजभाऊंनी अर्थिंगची तार हातपंपाला बांधली, ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला, वायरी बदलल्या. मी काही बधेना. मला स्वतःचीच लाज वाटायची हो.

शेवटी "घुमते त घुमू दे" म्हणून एका दुपारी त्यांनी बाबांना समोर बसवलं. गाणं लावलं. टूथपेस्टचं झाकण पार शेवटपर्यंत पिळलं. माझी पाठ चटके द्यायला लागली.

"बाबा, आयकू येऊन राह्यलं का?" त्यांनी कानाशी ओरडून विचारलं.

मुखरूभाऊंनी मान हलवली. "नाई बाप्पा. कोनीतरी भांडून राह्यलं वाटते."

गाणं संपलं. धनराजभाऊ तोंड फिरवून बसले. मला बंद करायचंही त्यांना सुचलं नाही, आणि मी आपला वेड्यासारखा घुमतच राहिलो.

तेव्हा मुखरूभाऊंनी स्पीकरच्या थरथरणाऱ्या पेटीवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "अबे धनराज, हार्मोनियमची पांढरी पाच हाये हे. माई पट्टी!"

आणि त्यांनी सूर लावला. आधी खरखरला, मग माझ्या घुमण्यावर असा बसला म्हणता! गिरजाबाई चुलीजवळून ओल्या हातांनी धावत आल्या. "गाऊन राह्यले वो माय!" म्हणाल्या आणि दारातच रडायला लागल्या. झाकणाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर बंद असला तरी मी चालू असायचो. दुपारी मुखरूभाऊ पेटीवर हात ठेवत आणि गात बसत. माझी घुमघुम काढायचा नाद धनराजभाऊंनी सोडून दिला. काय सुखाचे दिवस होते ते!

मुखरूभाऊ गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेला, मी फळीवर. परवा त्यांची नात भाग्यश्री चंद्रपूरहून आली. इलेक्ट्रॉनिक्स शिकते पोरगी. मला उघडून म्हणाली, "आजी, एक कपॅसिटर बदलवला की याची घुमघुम गायब!" आणि सोल्डरिंगची गन तापवायला ठेवली.

गिरजाबाईंनी मला ओढून मांडीवर घेतलं. "त्याले हात नोको लावू, बाई. तुया आज्याची पट्टी हाये ते."

मग त्यांनी मला चालू केलं. गाणं-बिणं काही लावलं नाही. पेटीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगतो. माझा पत्रा गंजला तर गंजू द्या. पाठीवरचं झाकण हवं तर भातावर परत न्या. पण बाबांनो, मला नीट करू नका.