होकाकांचा दिवा

साबणाच्या कारखान्यात मोठ्या कढईवर काम करणाऱ्या माणसाला सगळे होकाका म्हणत. काहीही विचारा, उत्तर एकच: हो. जेवलात का, हो. उद्या सुट्टी घेणार का, हो. आणि दुसऱ्या दिवशी स्वारी वेळेआधी दारात हजर. लोक हसत, मग तेही हसत. हसलं की पुढचा प्रश्न टळत असे.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. होकाकांचे कान गेले होते. आधी दारावरची घंटा ऐकू येईना, मग शिट्टी वाजवणारा कुकर, आणि हल्ली तर समोरच्यानं तोंड फिरवलं की त्याचं बोलणंच संपायचं. सांगून टाका, असं बायकोनं कितीदा तरी बजावलं. पण कढईचं काम कानाचं होतं. आतली पाती साबण घोटत राहत. साबण घट्ट होत आला की मोटारीचा सूर जड होई, तो ओळखून वेळेत साबण साच्यात सोडायचा. उशीर झाला तर साबण आतच घट्ट बसणार आणि पाती मोडणार. बहिऱ्याच्या हाती कढई कोण ठेवील? होकाका मोटारीच्या अंगावर तळवा ठेवून, थरथर ओळखून वेळ मारून नेत होते. मागच्या महिन्यात तळव्यानंही दगा दिला आणि एक पातं गेलं.

म्हणून मोटारीच्या कंट्रोलरमध्ये गजर लावून द्यायला एक तंत्रज्ञ मुलगी आली. मोटार किती जोर लावते आहे हे त्या खोक्याला कळत होतंच. रोजचा जोर कोणता, एवढं त्याला शिकवायचं होतं. मुकादमांना घाई. रिकामी कढई फिरवून उरका म्हणाले. ती म्हणाली, रिकाम्या कढईवर शिकलेला गजर साबण पडल्या पडल्या बोंब मारेल, आणि मग वैतागून तुम्हीच तो बंद कराल. मुकादम चहाला गेले.

होकाकांनी नेहमीसारखा घाणा लावला. साबण पुरता घट्ट झाला तेव्हा मान हलवली. तिनं तो जोर रोजची वरची हद्द म्हणून नोंदवला. त्याच्या थोडं वर पहिला इशारा, आणखी वर गेलं की मोटार बंद. जोर फारच कमी झाला, म्हणजे पातं निखळून मोटार नुसतीच फिरते आहे, तरीही इशारा. कढई सुरू होतानाचा ताण मात्र मोजायचा नाही. सुरुवातीला सगळेच धापा टाकतात, तेव्हा ओरडून काय उपयोग, असं ती हसत म्हणाली. होकाका म्हणाले, हो.

घाणा साच्यात सोडून झाला. मग ती गजराच्या भोंग्याकडे वळली. कंट्रोलरच्या पेटीत डोकं खुपसून काहीतरी केलं, मान बाहेर काढली आणि विचारलं, "काका, ऐकू आला का?"

"हो. चांगला खणखणीत आहे तुमचा भोंगा."

मग तिनं हात वर केला. भोंग्याची तार अजून तिच्या बोटांत होती, कुठेच जोडलेली नव्हती. तिनं विचारलं होतं ते बाहेरच्या गाडीच्या हॉर्नबद्दल. तिला न्यायला येणारा सोबती आला की काय, म्हणून.

ती जवळ आली, अगदी समोर उभी राहिली.

"कधीपासून?"

या प्रश्नाला हो चालणार नव्हतं.

"दोनेक वर्षं झाली, ताई."

तिनं ना कपाळाला आठ्या घातल्या, ना उपदेश केला. पेटीकडे एकदा पाहून परत त्यांच्याकडे वळली. "दिवा दिसतो ना? का तिथंही हो?"

होकाकांना हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"इशाऱ्याला पिवळा, मोटार थांबली की लाल. तुमच्या डोळ्यांसमोर लावते. भोंगा बाकीच्यांसाठी. पण मुकादमांना सांगायचं तुम्ही. भरल्या कढईजवळ हे लपवून चालायचं नाही."

चहा पिऊन मुकादम परतले तेव्हा भिंतीवर दोन दिवे होते. ती मुद्दाम हद्द खाली आणून पिवळा पेटवून दाखवत होती. ते कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. होकाकांनी सांगितलं. सांगताना आवाज फार मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या वेष्टनाच्या बाया वळून बघू लागल्या.

मुकादमांनी विचारलं, "म्हणजे दोन वर्षं मी तुम्हाला जे जे सुनावलं..."

"काही पोचलं नाही."

"एवढी माझी मेहनत," मुकादम म्हणाले. मग पुढे आले, होकाकांच्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द सुटा केला. "कढई तुमचीच. दिवे बघून चालवायची. आणि या आठवड्यात कान दाखवून यायचं."

ती हत्यारं आवरून निघाली तेव्हा होकाकांनी कालच्या घाण्यातली एक वडी कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवली. ती दाराकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. होकाकांची मान सवयीनं हलू लागली होती. त्यांनी ती थांबवली.

"काय म्हणालात? मला ऐकू आलं नाही."

ती माघारी वळली, उजेडात उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "म्हटलं, हात धुवायचे राहिलेत माझे. बरं झालं दिलीत."


होकाकांनी तिला नळ दाखवला, आणि ती हात धुऊन होईपर्यंत पंचा धरून उभे राहिले.