झाडून ठेवलेली बाग

फुसाएआजीने शेवटचं पान चिमटीत उचलून एप्रनच्या खिशात टाकलं आणि वाळूवरून दाताळं ओढत ती मागे मागे सरकत फाटकाबाहेर आली. बागेत आता एक पाऊल उमटलेलं दिसत नव्हतं. बाकावरच्या उशा, चहाचे थर्मास, शेजारच्या इवामोतोचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा पट, सगळं आपापल्या घरी गेलं होतं. पालिकेचा माणूस बाग बघायला येणार, त्याला मोकळेपणी बघता यावं म्हणून अख्खी आळी दारं लावून आत बसली होती.

पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून टेकडीवरची निम्मी घरं ओस पडली होती. पालिकेला छोट्या बागा परवडेनाशा झाल्या होत्या. जिथे कुणी येत नाही ती बाग बंद, आणि सगळ्यांसाठी खाली स्टेशनापाशी एकच मोठी. आजीचे गुडघे पायऱ्या उतरायला कसेबसे तयार होत; चढायचं म्हटलं की संप पुकारत. ही बाग गेली तर तिला उरणार होतं फक्त स्वयंपाकघर.

पालिकेचा हिरोसे धापा टाकत वर आला. तरुण होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"सुंदर आहे हो," तो म्हणाला. "पण इथे कुणी येत नाही वाटतं?"

"येतात की! रोज येतात."

हिरोसेने त्या गुळगुळीत वाळूकडे पाहिलं, सामसूम आळीकडे पाहिलं आणि नम्रपणे पेन काढलं.

आजीला कळून चुकलं: आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला! दाताळं टाकून ती तशीच वाळू तुडवत गेली, बाकावर बसली आणि ओरडली,

"इवामोतो! पट घेऊन ये! काल हरलास म्हणून तोंड लपवतोस होय?"

खाडकन दार उघडलं.

"कोण हरलं? लबाड म्हातारी!"

इवामोतो घरातल्याच सपाता फटफटवत आला. मग दुसरं दार, तिसरं. उशा आल्या, थर्मास आले, हिरोसेच्या हातात कुणीतरी चहाचा पेला दिला. आजीला फार बरं वाटलं.

"रोज इतकी लख्ख ठेवता?" हिरोसेने विचारलं.

"छे हो! तुम्ही येणार म्हणून. एरवी नुसता पसारा असतो."

हिरोसेचा पेला ओठांपाशीच थांबला.

"काल वरच्या आळीतली बागही अशीच होती. चकाचक. चिटपाखरू नव्हतं."

"मग?"

"मी 'वापर नाही' लिहून आलो."

हिरोसेने चहा एका घोटात संपवला, वाकून आभार मानले आणि खाली बसथांब्याकडे न वळता तो वरच्या पायऱ्या चढू लागला.

आजी उठून कुंपणापाशी गेली.

"साहेब," तिने हाक मारली, "तिथे नुसतं उभं राहू नका. मोठ्याने ओरडा. घरातच बसले असतील सगळे!"